संशय : त्याचे गुण व दोष

पनवेल हें फार पूर्वींपासून येणाऱ्याजाणाऱ्यांचें गांव आहे. आगगाडी नव्हती त्या काळीं मुंबईचा प्रवासी गलबतांत बसून पनवेलच्या बंदरास लागे, आणि तेथून खुष्कीच्या मार्गानें बोरघाट चढून पुण्यास जाई. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ अधिकच वाढली. अशा गांवांत परका मनुष्य दिसणें ही नवलाची गोष्ट नसते. ज्याचें कूळ ठाऊक नाहीं आणि जो पुन्हां दृष्टीस पडेल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं, अशा माणसाशीं दुकानदारास रोजचा व्यवहार करावा लागे. त्या काळच्या दुकानदाराचें चित्र आपण डोळ्यांपुढें आणूं. गिऱ्हाइकानें दिलेला रुपया तो दगडावर वाजवून घेतो. आणि त्याच गिऱ्हाइकानें पाणी मागितलें तर तांब्या पुढें करतो. रुपया वाजवून पाहणें हा संशय. पाणी देणें हा विश्वास. दोन्ही गोष्टी एकाच हातानें होतात आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें कोणासही वाटत नाहीं. गिऱ्हाईकही रागावत नाहीं. कारण परीक्षा रुपयाची चालली आहे, आपली नव्हे, हें तें जाणतें.

हें चित्र आरंभींच देण्याचें कारण असें कीं, आमच्या मुलांना या विषयावर दोन तऱ्हेचा उपदेश ऐकावा लागतो. घरीं वडील सांगतात, “कोणावर पटकन् विश्वास ठेवूं नकोस, जग लबाड आहे.” शाळेंत गुरुजी सांगतात, “कोणाविषयीं मनांत किंतु धरूं नकोस.” मुलानें ऐकावें कोणाचें? आमच्या मतें दोघेही बरोबर आहेत; फक्त दोघे निरनिराळ्या संशयाविषयीं बोलत आहेत. हा भेद स्पष्ट करावा आणि संशयापासून होणारे लाभ व हानि यांचा थोडक्यांत विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

‘संशय’ हा शब्द आपण दोन अगदीं भिन्न मनोवृत्तींना लावतों. पहिल्या वृत्तीचा प्रश्न असतो, “ही गोष्ट खरी कशावरून?” दुसरीचा प्रश्न असतो, “हा मनुष्य वाईट तर नसेल?” पहिलीचा विषय विधान हा आहे, दुसरीचा विषय व्यक्ति हा आहे. पहिली पुरावा मागते आणि पुरावा मिळतांच शांत होते. दुसरी पुरावा मिळाला तरी शांत होत नाहीं. उलट पुरावा मिळत नाहीं हाच तिला पुरावा वाटूं लागतो. “चोरी सांपडत नाहीं, त्या अर्थीं चोर पक्का आहे!” असें तिचें तर्कशास्त्र असतें. पहिल्या वृत्तीस आपण चिकित्सा म्हणूं आणि दुसरीस शंकेखोरपणा म्हणूं.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं चिकित्सेस मोठा मान दिला आहे. न्यायशास्त्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरें स्थान संशयाचें आहे. ज्याविषयीं मनांत संशयच नाहीं त्याचा शोध कोण कशाला करील? परंतु त्याच यादींत नववें स्थान निर्णयाचें आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. संशय हा वाटेवरचा मुक्काम आहे, घर नव्हे. आणि बारावें नांव वितंडेचें आहे : स्वतःचें असें कांहींच मत न मांडतां दुसऱ्याचें प्रत्येक मत खोडून काढणें म्हणजे वितंडा. संशयाचा मार्ग निर्णयाकडे वळतो कीं वितंडेकडे, यावर त्याचें बरेंवाईटपण अवलंबून आहे. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायांत संशयग्रस्त माणसाचा नाश होतो असा इशारा दिला आहे खरा. पण ज्ञान मिळविण्यासाठीं गुरूस प्रश्न विचारावे असेंही त्याच अध्यायांत सांगितलें आहे. शुभवर्तमानांतील थोमा नामक शिष्यानें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें म्हटलें, तेव्हां त्याला हांकून न देतां जखमा दाखविण्यांत आल्या. आणि पाहिल्यावर त्यानें हट्ट सोडला. प्रामाणिक शंकेची खूण हीच कीं, उत्तर मिळाल्यावर ती मार्ग मोकळा करते.

आतां लाभ पाहूं. आणि पहिलें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील घेऊं. कोंकणांत लाल विंचवाचा दंश पूर्वीं अत्यंत भयंकर मानला जाई. लोक मांत्रिकाकडे धांव घेत. आणि दवाखान्यांत आणलेले रोगी देखील, विशेषतः लहान मुलें, पुष्कळदां दगावत. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावसकर महाडजवळील बिरवाडी येथें सरकारी आरोग्यकेंद्रांत दाखल झाले. विंचवाच्या दंशावर खात्रीचा इलाज नाहीं ही समजूत त्यांनीं जशीच्या तशी मान्य केली नाहीं. त्यांनीं रोग्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें : घाम किती येतो, हातपाय केव्हां गार पडतात, वांती केव्हां होते, हृदयाची गति कशी बदलते, याची ते नोंद ठेवीत. मृत्यु येतो तो हृदय थकल्यानें व फुप्फुसांत पाणी सांचल्यानें, हें ध्यानीं आल्यावर रक्तदाबावर दिलें जाणारें प्राझोसिन नांवाचें औषध त्यांनीं वापरून पाहिलें. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीसचाळीस मरत, तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. त्यांचे लेख १९८२ व १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत छापले गेले. पण याहूनही आम्हांस अधिक कौतुक वाटतें तें पुढील गोष्टीचें. आपल्या उपायाची कीर्ति झाल्यावरही त्यांनीं त्याची परीक्षा थांबविली नाहीं. विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर नुसतें प्राझोसिन चांगलें कीं दोन्ही मिळून चांगलीं, याची त्यांनीं पद्धतशीर तुलना केली. आणि दोन्ही मिळून दिल्यास रोगी लवकर बरा होतो असा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध केला. जो दुसऱ्याच्या मताबरोबर स्वतःच्या मतावरही शंका घेऊं शकतो, तोच खरा चिकित्सक.

दुसरें उदाहरण व्यवहाराचें आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यापासून पनवेलच्या आसमंतांतील जमिनीचा भाव चढत आला, आणि २०२५ सालीं नव्या विमानतळाचें उद्घाटन झाल्यावर तर एखाददुसऱ्या गुंठ्याविषयीं देखील लोक मोठ्या आशेनें बोलूं लागले. जेथें आशा मोठी तेथें फसवणूकही मोठी. गोड बोलणारा दलाल सुबक नकाशा दाखवितो, “आजच बयाणा द्या, उद्यां भाव वाढेल,” म्हणतो, आणि जन्मभराची पुंजी हातची जाते. येथें संशय हें पाप नव्हे, कुटुंबाविषयींचें कर्तव्य आहे. सातबाराचा उतारा स्वतः काढून पाहावा; फेरफार वाचावे; मालकांच्या नांवांत बहिणींचीं किंवा चुलत्यांचीं नांवें आहेत काय तें पाहावें; जमीन शेतीची कीं बिनशेती, आणि तिच्यावर बोजा आहे काय, हें तपासावें; जाणत्या वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. प्रामाणिक विक्रेता या तपासणीनें चिडत नाहीं. जो चिडतो, त्यानें आपलें उत्तर आपणच दिलें असें समजावें.

तिसरें उदाहरण हल्लींच्या दूरध्वनीचें. पलीकडून कोणी पोलीस अधिकारी असल्याचें सांगतो, तुमच्या नांवें गुन्हा आहे म्हणतो, दूरध्वनीच्या पडद्यासमोरून हलूं नका असें दटावतो, आणि ‘डिजिटल अटक’ टाळण्यासाठीं पैसे मागतो. अशी अटक आपल्या कायद्यांत मुळींच नाहीं. तरीही शिकलेलीं, वयोवृद्ध, अब्रूला जपणारीं माणसें घाबरून पैसे पाठवितात. अशा वेळीं “हें खरें कशावरून?” हा एकच प्रश्न, दूरध्वनी खालीं ठेवून, घरांतील दुसऱ्या माणसाला मोठ्यानें विचारला तरी पुष्कळ अनर्थ टळतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें. लबाडाचीं मुख्य हत्यारें दोन : घाई आणि भीति. संशय या दोहोंस थोपवून धरतो. त्याचा सर्वांत मोठा लाभ हाच कीं, तो आपणांस विचार करण्याइतका वेळ मिळवून देतो.

चौथा लाभ ज्ञानाचा. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीची मूर्ति दूध पिते अशी वार्ता एका दिवसांत देशभर, किंबहुना परदेशांतही पसरली. कित्येक शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, द्रवाच्या पृष्ठताणामुळें व केशाकर्षणामुळें चमच्यांतील दूध मूर्तीच्या स्पर्शानें ओढलें जाऊन तिच्या अंगावरून पातळ थरानें खालीं उतरतें. हा प्रयोग घरच्या कोणत्याही दगडी वस्तूवर करून पाहतां येतो. आमच्या दृष्टीनें त्या दिवसाचा बोध कोणाच्या भक्तीची थट्टा करण्याचा नाहीं. भक्ति हा अंतःकरणाचा विषय आहे; चमच्यांतलें दूध कोठें जातें हा पदार्थविज्ञानाचा विषय आहे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यानें पहिल्याचा अपमान केला असें होत नाहीं, आणि त्यानें तसा तो करूंही नये. त्याचप्रमाणें, मांजर आडवें गेलें आणि काम बिघडलें अशी गोष्ट कोणी सांगितली तर, मांजर आडवें जाऊनही सुरळीत पार पडलेलीं कामें कितीं, हें विचारावें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडते, ही आपली जुनी म्हण तर्कशास्त्राचा मोठा धडा आहे.

येथपर्यंत संशयाचें गुणगान झालें. आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. आणि ती पाहतांना मन विषण्ण होतें. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारच्या दिवशीं, धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पांच पुरुष आले होते. गांवोगांव फिरून भिक्षा मागणें हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्या दिवसांत मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा मोबाईलवरील संदेशांतून सर्वत्र पसरली होती. जमावानें त्या पांचांस मुलें पळविणारे ठरविलें आणि मारून टाकलें. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें.

या घटनेचा विचार विद्यार्थ्यांनीं नीट करावा असें आम्हांस वाटतें. वरवर पाहणारा म्हणेल कीं, त्या जमावांत संशय फार होता. दुसरा म्हणेल, भोळेपणा फार होता. खरें पाहतां दोन्ही होते. पण दोन्ही चुकीच्या जागीं होते. ज्या संदेशाचा कर्ता कोण हें कोणास ठाऊक नव्हतें त्यावर त्यांनीं डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि जीं माणसें समोर उभीं होतीं, ज्यांना विचारतां येत होतें, त्यांवर संशय घेतला. रुपया न वाजवतां घेतला आणि पाणी मागणाऱ्याला दगड मारला! मुलांच्या काळजीनें पेटलेल्या माणसांनीं दुसऱ्या मुलांचे बाप मारले. चिकित्सा आणि शंकेखोरपणा यांतील भेद केवळ शब्दांचा नाहीं, तो माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, हें यावरून कळून येईल.

असा संशय केवळ अडाणी जमावाच्या मनांतच उपजतो असें मात्र समजूं नये. तो कायद्याचें रूपही घेऊं शकतो. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या अन्वयें कित्येक जमातींतील माणसें जन्मतःच संशयित ठरलीं. त्यांनीं हजेरी द्यावी, परवानगीवांचून गांव सोडूं नये, अशीं बंधनें आलीं. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. परंतु कायद्याचा कागद फाडतां येतो, मनांतला कागद तितक्या सहज फाटत नाहीं. वर्गांत एखाद्याची कंपासपेटी नाहींशी झाली म्हणजे पहिली नजर कोणाकडे वळते? ज्याचा बाप अधिकारी आहे त्याच्याकडे, कीं डोंगराकडच्या कातकरी वाडींतून अनवाणी येणाऱ्या मुलाकडे? पेटी दोन दिवसांनीं बाकाखालीं सांपडते आणि सर्व जण ती गोष्ट विसरतात. तो मुलगा मात्र विसरत नाहीं. कदाचित् तो पुढें शाळेंतच येत नाहीं. पेटीची किंमत शंभर रुपये; त्या नजरेची किंमत एक आयुष्य.

पुरावा येण्यापूर्वींच निकाल देण्याची घाई विद्वानांनाही होते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली तेव्हां वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानें तेथें प्लेगवर लस तयार केली. लोकांना शंका येणें साहजिक होतें. आणि हाफकिन यांनीं त्या शंकेचा मान राखून जानेवारी १८९७ मध्यें ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस पदावरून दूर करण्यांत आलें. पुढें पुराव्याची छाननी झाल्यावर असें दिसून आलें कीं, बाटली दूषित झाली ती गांवांत उघडतांना झालेल्या निष्काळजीपणामुळें असणें अधिक संभवनीय आहे. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू घेतली, आणि १९०७ सालीं त्यांच्यावरील ठपका दूर झाला. मधलीं पांच वर्षें मात्र कोणी परत देऊं शकलें नाहीं. १९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. एकोणीस माणसें कशानें मेलीं हें विचारणें अवश्यच होतें. परंतु विचारणें निराळें आणि ठरवून टाकणें निराळें.

शंकेखोरपणाचा घरांतील परिणाम याहून सूक्ष्म असतो. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. एकदां फसलेला मनुष्य सर्व जगास लबाड म्हणूं लागतो. मित्रानें मदत केली तर “याचा कांहीं डाव असेल”, शेजाऱ्यानें विचारपूस केली तर “याला काय करायचें आहे?”, मुलगा अर्धा तास उशिरां आला तर “कोठें भटकत होतास?” ज्या घरीं मुलाच्या प्रत्येक बोलण्याची उलटतपासणी होते तेथें मूल खरें बोलण्याचें सोडून पटेल असें बोलण्यास शिकतें. पालकांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा. अतिसंशयानें लबाडी पकडली जात नाहीं. ती अधिक हुशार मात्र होते. आणि संशयी माणसाची स्वतःची स्थितिही कांहीं सुखाची नसते. त्याला फसविणारे थोडे भेटतील हें खरें. पण त्याच्यासाठीं रात्रीं अपरात्रीं धांवून येणारेही थोडेच उरतात.

आणखी एक दोष तरुणांत विशेष आढळतो. थोडें वाचन झालें कीं प्रत्येक गोष्टीवर “हें सगळें खोटें आहे” म्हणण्यांत भूषण वाटूं लागतें. डॉक्टर खोटे, वर्तमानपत्रें खोटीं, इतिहास खोटा! परंतु सर्वच खोटें मानणें हें सर्वच खरें मानण्याइतकेंच सोपें आहे. दोहोंतही तपासण्याचे कष्ट वांचतात. हीच ती वितंडा. गंमत अशी कीं, जो डॉक्टरांवर विश्वास ठेवीत नाहीं तोच कोणा अनामिकानें पाठविलेल्या चार ओळींच्या संदेशावर निःशंकपणें विश्वास ठेवतो.

मग तारतम्य राखावें कसें? आम्हांस सुचणारे कांहीं नियम येथें देतों.

पहिला : संशय बातमीवर आधीं घ्यावा, माणसावर मागाहून. “हें तुला कोणी सांगितलें? त्यानें स्वतः पाहिलें काय?” हे दोन प्रश्न पुष्कळ अफवा जागच्या जागीं थांबवितात.

दुसरा : जितका निर्णय मोठा तितका पुरावा मोठा मागावा. चार आण्यांच्या भाजीसाठीं साक्षीदार नकोत. परंतु जमिनीच्या व्यवहारास, औषधोपचारास आणि कोणाच्या अब्रूस ते हवेतच.

तिसरा : संशय आला तर तो ज्याच्याविषयीं आला त्यालाच, एकांतांत व सौम्य शब्दांत विचारावा. दहा जणांच्या कानांत घातलेला संशय खोटा ठरला तरी त्या दहा कानांतून परत काढतां येत नाहीं.

चौथा : आपला संशय नेहमीं एकाच जातीच्या, एकाच धर्माच्या किंवा गरीब वस्तींतल्याच माणसावर जातो काय, हें स्वतःस विचारावें. जात असेल तर दोष समोरच्याचा नसून आपल्या नजरेचा आहे.

पांचवा : उत्तर मिळालें म्हणजे संशय सोडावा, आणि आपला संशय खोटा ठरला तर तोंडानें क्षमा मागावी. हा नियम सर्वांत कठीण आहे. म्हणूनच ज्याला तो पाळतां येतो त्याच्या शंकेचा कोणास राग येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही शाळेंत प्रश्न विचारतां तेव्हां आम्हांस आनंद होतो. क्वचित् उत्तर देतांना आमची तारांबळ उडते, तरीही आनंदच होतो. तुमच्या हातांत आज असें यंत्र आहे कीं, एका क्षणांत हजार खऱ्याखोट्या गोष्टी तुमच्यापुढें येतात, आणि एका बोटानें तुम्ही त्या आणखी हजारांना पाठवूं शकतां. राईनपाड्यास पोंचलेला तो संदेशही कोणीतरी अशाच एका बोटानें पुढें ढकलला होता. त्या प्रत्येकानें क्षणभर थांबून “हें खरें कशावरून?” असें विचारलें असतें, तर पांच माणसें त्या दिवशीं बाजार संपल्यावर आपल्या बायकामुलांकडे परत गेलीं असतीं.

असो. लेख लांबला. पनवेलचें जुनें बंदर आतां तसें राहिलें नाहीं. रुपया दगडावर वाजवून घेण्याची चालही गेली. परंतु त्या दुकानदाराच्या दोन्ही कृति आजही एकमेकींस धरून असाव्या. रुपया अवश्य वाजवून घ्यावा. पाणी मात्र आधीं द्यावें.